गाणं वाजतं, पण लिहिलं कुणी? : माझ्या आवडत्या गाण्यांतून दिसलेला आपला इतिहास

जयंतीच्या तयारीची बैठक होती. आमच्या वस्तीतल्या विहारात वीस-पंचवीस पोरं-पोरी जमल्या होत्या. वर्गणी, परवानगी, मिरवणुकीचा मार्ग असं सगळं बोलून झाल्यावर विषय निघाला गाण्यांचा. कोणती गाणी लावायची? मी म्हटलं, सुरुवात वामनदादांच्या गाण्याने करू. समोर बसलेला एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हुशार आहे, वाचतोही. तो म्हणाला, "ताई, वामनदादा म्हणजे ते जुने गायक ना? त्यांच्या गाण्यावर कुणी नाचत नाही हो."

मला राग आला नाही. वाईट वाटलं. कारण गेल्या वर्षी तोच मुलगा ज्या गाण्यावर रात्री बारापर्यंत नाचला होता, ते वामनदादांनीच लिहिलेलं होतं. गायक दुसरा, वाजवणारा तिसरा, त्याखाली बीट टाकणारा चौथा. ज्याने शब्द लिहिले त्याचं नाव मधल्या मध्ये गळून गेलं.

दुसऱ्या बाजूला आपल्यातलेच काही शिकलेले मित्र म्हणतात की गाणी पुरे झाली, आता वाचा. बाबासाहेबांनी ग्रंथ लिहिले आणि तुम्ही ढोलकी बडवता. त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण गाणं आणि ग्रंथ यांना असं एकमेकांसमोर उभं करण्यात आपण आपल्याच इतिहासाचा अर्धा भाग फेकून देतोय, असं मला वाटतं. म्हणून हा लेख. मला आवडणारी वेगवेगळ्या काळातली गाणी घेऊन मी फक्त एवढंच विचारणार आहे की त्या त्या काळात आपला समाज काय मागत होता, आणि ते मागणं गाण्यात कसं आलं.

पायरीवरचा प्रश्न

माझ्या यादीत पहिलं नाव सोयराबाईचं आहे. चोखोबांची बायको, चौदाव्या शतकातली, मंगळवेढ्याची. विटाळावरचा तिचा अभंग मी पहिल्यांदा एम.ए.ला असताना नीट वाचला. देह विटाळाचा म्हणता, तर विटाळ नसलेला देह दाखवा, असा साधा सरळ प्रश्न ती विचारते. ज्या विटाळावर अख्खी जातव्यवस्था आणि बाईची गुलामी उभी आहे, त्याच्या मुळालाच तिने हात घातला. सहाशेहून जास्त वर्षं झाली. त्या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

चोखोबा म्हटलं की आपल्यातले काही लोक नाक मुरडतात. देवाच्या दाराशी रडणारा संत आम्हाला कशाला? मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत कोसळून वेठीच्या मजुरांबरोबर चोखोबा मेले, समाधी मिळाली ती पंढरपूरच्या देवळाच्या पायरीशी. मेल्यावरसुद्धा बाहेरच. हे सगळं खरं आहे. म्हणून धम्म स्वीकारल्यावर समाजाने तो रस्ता सोडला, तेही बरोबरच होतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. देव नाकारणाऱ्या, इतिहासाची चिरफाड करणाऱ्या माणसाने आपलं पुस्तक या तीन संतांना दिलं. त्यांचा मार्ग त्यांनी घेतला नाही, पण त्यांचं दुःख आपलं मानलं. मागच्यांशी कसं वागायचं, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

जलसा : गणपती गेला, माणूस आला

दुसरा काळ आंबेडकरी जलशांचा. त्याआधी सत्यशोधक जलसे होतेच. जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि पुढे त्या विचारातून गावोगाव जलसे उभे राहिले. १९२७ च्या महाडनंतर आपल्या माणसांनी तोच साचा उचलला आणि त्यात आपला मजकूर भरला.

तमाशात आधी गण असतो, मग गौळण, मग बतावणी, लावणी, वग. आता विचार करा, हा तमाशा कोण करत होतं? महार, मांग, कोल्हाटी. कला आपली, घाम आपला, पैसे फेकणारा मात्र पाटलाच्या ओट्यावरचा. त्याच कलावंतांच्या नातवंडांनी गणातला गणपती काढला, गौळणीतली कृष्णलीला काढली, शृंगाराची लावणी काढली. ढोलकी, डफ, तुणतुणं ठेवलं. आणि त्या जागी काय आणलं? मेलेलं ढोर ओढू नका, मृतमांस खाऊ नका, वतनाच्या तुकड्यासाठी लाचार होऊ नका, पोरं शाळेत घाला, जत्रेत बकरं कापून कर्ज काढू नका.

मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृती जाळली आणि बायांना नेसण्यापासून पोरींच्या शिक्षणापर्यंत सगळं समजावून सांगितलं. पण महाडला प्रत्यक्ष गेलेली माणसं काही हजार. बाकीच्या लाखोंपर्यंत हे पोचलं कसं? 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत' वाचणारे किती होते? अक्षर ओळखणारा माणूस अख्ख्या वाड्यात एखादा असायचा. कंदिलाच्या उजेडात, चावडीमागच्या मोकळ्या जागेत जलसा उभा राहायचा आणि ठराव लोकांच्या कानात जायचा. दहा सभा आणि शाहिराचं एक गाणं यांची बरोबरी असल्याचं बाबासाहेबांच्या नावावर आपण नेहमी सांगतो, त्यामागे हे वास्तव आहे.

या काळातलं ठळक नाव नाशिककडचे भीमराव कर्डक. आपली पोरं भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक यांची गल्लत करतात, ती करू नका. माणसं दोन, काळही वेगळा. भीमरावांनी नुसता जलसा केला नाही, पुढे आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहून ठेवलं. ते लिहिलं नसतं तर आज आपल्याला त्या रात्रींबद्दल फार थोडं कळलं असतं.

मला या काळातलं सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? ही गाणी स्तुतीची कमी आणि कामाची जास्त आहेत. ऐकणाऱ्याला ती काहीतरी करायला सांगतात आणि काहीतरी सोडायला सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेलं ढोर तसंच पडून राहिलं तर गाणं पोचलं, अशी ती परीक्षा होती. आणि ढोर तसंच पडून राहिलं की गावाचा बहिष्कार, मारहाण ठरलेली. म्हणजे त्या गाण्याची किंमत ऐकणाऱ्याने भरली.

जात्यावरचा पुरावा

माझी आजी माजलगावकडची. ती जात्यावर ओव्या म्हणायची. मी लहान होते, तोवर घरात गिरणीचं पीठ आलं होतं, पण डाळ भरडायला आजी जातं वापरायची आणि तेव्हा आपोआप तिच्या तोंडून ओवी यायची. त्यात भीमराजा होता, त्याचा सूटबूट होता, त्याची मोटार होती, रमाई होती. लहानपणी मला ती आजीची बडबड वाटायची.

नंतर कॉलेजात असताना कळलं की गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्यात. त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्याही आहेत. जात्यावर पहिली ओवी देवाला द्यायची रीत. या बायांनी तो मान बाबासाहेबांना, बुद्धाला, धम्माला आणि संघाला दिला. कुठल्याही कमिटीने ठराव केला नव्हता. पहाटे चार वाजता, अंधारात, दळता दळता बायांनी स्वतः देव बदलला.

धर्मांतराचा इतिहास लिहिताना आपण १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, लाखो लोक असं लिहितो. बरोबरच आहे. पण घराच्या आत, चुलीपाशी, जात्यापाशी धर्मांतर कसं झालं, त्याचा पुरावा हवा असेल तर तो या ओव्यांतच सापडेल. ज्या बाईला सही येत नव्हती, तिने ठेवलेला हा दस्तऐवज आहे. मी तेव्हा हे वाचून घरी आजीला विचारायला गेले. आजी होती, पण तिला आता काही आठवत नव्हतं. जातं नव्हतं ना! हात फिरल्याशिवाय तिला शब्द येत नव्हते.

वामनदादा : अक्षर शिकून मग गाणं

आता ज्यांच्यापासून हा लेख सुरू झाला त्यांच्याकडे येते. वामन तबाजी कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. गुरं राखली, मोळ्या विकल्या, मुंबईला येऊन मिळेल ते काम केलं. शाळा नाही. त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. मुंबईत कुणीतरी त्यांच्यापुढे पत्र धरलं आणि वाचून दाखवा म्हटलं. वाचता येईना. त्या शरमेने ते रडले आणि मग अक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. पुढे १९४३ च्या मे महिन्यात पहिलं गाणं लिहिलं, तेही एका हिंदी सिनेमाच्या गाण्याचं विडंबन. आणि नंतर हजारो.

त्यांची मला दोन गाणी सगळ्यात जवळची वाटतात. एक म्हणजे, देशातल्या बड्या भांडवलदारांची नावं घेऊन ते धनाच्या साठ्यात आमचा हिस्सा कुठे आहे असं विचारतात ते. मी सफाई कामगार बायांबरोबर काम करते. कंत्राटदार पगार चार-चार महिने थकवतो. एकदा आम्ही अशाच थकलेल्या पगारासाठी एका कचेरीसमोर बसलो होतो. घोषणा देऊन देऊन घसे बसले, उन्हाने माणसं कंटाळली. तेव्हा एका साठीच्या मावशीने हे गाणं सुरू केलं. तिला पूर्ण येत नव्हतं, मधली कडवी विसरली होती. पण हिश्श्याचा तो शब्द आला की सगळ्या बाया एका दमात ओरडायच्या. पगार त्या दिवशी मिळाला नाही, पुढच्या आठवड्यात मिळाला. गाण्यामुळे मिळाला असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी बाया उठून घरी गेल्या नाहीत, त्या गाण्यामुळे. आंबेडकरी चळवळ फक्त अस्मितेचं बोलते, पोटाचं बोलत नाही असं जे म्हणतात, त्यांनी वामनदादा ऐकलेले नाहीत.

दुसरं गाणं म्हणजे, बाबासाहेबांच्या मताची मोजकीच माणसं जरी खरीखुरी उरली असती तर आज चित्र निराळं असतं, असं अनुयायांना सुनावणारी त्यांची गझल. हे गाणं स्टेजवर लागलं की पुढारी टाळ्या वाजवतात. आपल्यालाच चपराक बसलीय हे त्यांच्या ध्यानात येत नाही. भीमगीतं म्हणजे आंधळी भक्ती, असा आरोप करणाऱ्यांना मी हे गाणं ऐकवते. आपल्याच लोकांवर इतकी सडकून टीका, आणि तीही चालीवर, हजारो लोकांसमोर. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे नेते असा इशारा दिला होता. त्या भाषणाशी या गाण्याचं नातं आहे.

अण्णाभाऊ आणि आपल्यातल्या भिंती

अण्णाभाऊ साठे. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव. मातंग समाजातले, कम्युनिस्ट, लाल बावटा कलापथकाचे शाहीर. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर हे कलापथक उभं राहिलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची 'माझी मैना' घराघरांत पोचली. पण माझ्या यादीत आहे ते त्यांचं बाबासाहेबांवरचं गाणं, जग बदलण्याचा आदेश भीमरावांनी मला दिला असं सांगणारं. त्यात चिखलात रुतून बसलेल्या हत्तीची प्रतिमा आहे. ताकद आहे, पण बसून राहिलाय. मला ती प्रतिमा आजही आपल्यालाच लागू वाटते.

हे गाणं मला का महत्त्वाचं वाटतं? कारण पक्षाने लाल, जन्माने मांग आणि गाणं निळं. ज्यांना मांग-महार वेगळे ठेवायचेत, ज्यांना लाल-निळ्याचं भांडण लावायचंय, त्या सगळ्यांना हे गाणं अडचणीचं आहे. अण्णाभाऊंनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं. आणि आज काय चित्र आहे? जयंत्या वेगळ्या, मिरवणुका वेगळ्या. १ ऑगस्टला आपल्या किती वस्त्यांत हे गाणं लागतं? प्रामाणिकपणे सांगा.

कॅसेटचा काळ

माझं स्वतःचं बालपण कॅसेटचं. बाबांकडे एक टेपरेकॉर्डर होता आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कॅसेटी. प्रल्हाद शिंदे, नंतर आनंद-मिलिंद. कॅसेट अडकली की बाबा पेन्सिल घालून फिरवायचे. धम्मदीक्षेनंतरच्या काळात गायन पार्ट्या आणि कव्वालीचे मुकाबले वस्त्यावस्त्यांत रंगायचे. कॅसेट आली आणि तोच आवाज घरात आला, रिक्षात आला, लग्नाच्या मांडवात आला.

प्रल्हाद शिंद्यांचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. आषाढी आली की सगळ्या महाराष्ट्रात, ज्या घरांत आपल्या माणसाला आतपर्यंत येऊ देत नाहीत त्या घरांतसुद्धा, विठ्ठलाची गाणी त्यांच्याच आवाजात लागतात. भीमगीतं गाणारा तोच गळा. कुणी म्हणेल, बौद्ध असून विठ्ठलाची गाणी गायली, ही तडजोड झाली. मी तसं म्हणत नाही. गाणं हा त्यांचा रोजगार होता आणि रोजगाराचा बाजार कुणाच्या हातात होता हे आपल्याला माहीत आहे. प्रश्न ऐकणाऱ्यांना विचारायला पाहिजे. आवाज चालतो, माणूस का चालत नाही? २००४ साली वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही गेले. एकाच वर्षात लिहिणारा हातही गेला आणि गाणारा गळाही गेला.

पण कॅसेटने एक नुकसान केलं. वेष्टनावर गायकाचा मोठा फोटो, आणि कवीचं नाव खाली बारीक अक्षरात, कधी कधी तेही नाही. जलशात कवी समोर उभा असायचा, शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घालायचा. कॅसेटने माणूस दिसेनासा केला. आजच्या मोबाइलमध्ये तर ते बारीक अक्षरही उरलं नाही.

याच काळात रमाईवरच्या गाण्यांची लाट आली. इथे माझी तक्रार आहे. गोवऱ्या थापणारी, रडणारी, उपाशी राहणारी, साहेबांची वाट बघणारी रमाई आपण गाण्यांत इतकी घट्ट बसवली की दुसरी रमाई आपल्याला माहीतच नाही. तिने कष्ट सोसले, लेकरं गमावली, २७ मे १९३५ ला ती गेली, हे सगळं खरं. पण बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' तिला अर्पण करताना तिच्या मनाच्या मोठेपणाबद्दल, चारित्र्याबद्दल आणि शांत धीराबद्दल लिहिलंय. त्यांनी तिला सोबती म्हणून पाहिलं. आपल्या गीतकारांनी बहुतेक वेळा तिला त्यागाची मूर्ती केलं. का? कारण त्याग करणारी बाई सगळ्यांना सोयीची असते. बहिणींनो, रमाईवरची गाणी आता आपणच लिहायला पाहिजेत.

११ जुलै १९९७ नंतर

एक गाणारा माणूस असा आहे की ज्याचं नाव घेताना मला अजून थांबावं लागतं. विलास घोगरे. गरिबांच्या, झोपडपट्टीच्या, कामगारांच्या गाण्यांचा शाहीर. आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात त्याचा आवाज आहे. घोगरे डाव्या चळवळीत गायचा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली सापडली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मारली गेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, घोगरेने स्वतःला संपवलं. जाताना डोक्याला निळं फडकं बांधलं होतं.

मी तेव्हा शाळेत होते. नंतर 'जय भीम कॉम्रेड' पाहिला तेव्हा समजलं. इतकी वर्षं लोकांना लढायला सांगणारा माणूस स्वतः त्या दुःखाखाली दबून गेला. शाहिराचं मरण आपण शहीदगाथा करून टाकतो, ते मला पटत नाही. त्याने जगायला हवं होतं. त्याने अजून वीस वर्षं गायला हवं होतं. गाणाऱ्या माणसाला सांभाळणं हे चळवळीचं काम आहे, आणि ते आपण तेव्हाही केलं नाही, आजही करत नाही. त्याची गाणी माझ्या यादीत आहेत, ती या अपराधी भावनेसकट.

पुढे संभाजी भगत, शीतल साठे यांच्या पिढीने हा धागा धरला. 'कोर्ट' सिनेमात एका शाहिरावर गाण्यासाठी खटला चालतो. त्यातली गाणी संभाजी भगतांची आणि शाहिराची भूमिका वीरा साथीदारांची. अनेकांना ती अतिशयोक्ती वाटली. आपल्याला वाटली नाही. साथीदार १३ एप्रिल २०२१ ला कोरोनात गेले, जयंतीच्या आदल्या दिवशी.

रिंगटोन

आजच्या काळातलं माझं आवडतं नाव कडुबाई खरात. हातात एकतारी, साधं लुगडं, आणि असा आवाज की गर्दीतला माणूस वळून बघतो. बाबासाहेबांमुळे घरात काय काय आलं हे ती मायलेकीच्या बोलीत सांगते. कुणीतरी मोबाइलवर चित्रित केलं आणि गाणं महाराष्ट्रभर गेलं. तिच्या गाण्यात मला माझ्या आजीची ओवी परत ऐकू येते. मधली कॅसेट, मधला स्टेज सगळं ओलांडून जात्यावरचा आवाज थेट मोबाइलमध्ये आला.

आणि डीजे? मी डीजेवर सरसकट टीका करणार नाही. ज्या गावांत आपल्या नवरदेवाला वाजत-गाजत वेशीतून नेता येत नव्हतं, तिथे आवाज मोठा करणं हे सुद्धा एक बोलणं आहे. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका आपल्या तरुणाचा खून झाला. तो लग्नाला आला होता. भांडणाचं कारण काय तर मोबाइलवर वाजलेली भीमगीताची रिंगटोन. जून २०२३ मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत गावात भीमजयंती साजरी केल्याच्या रागातून तरुणाचा खून झाल्याची फिर्याद झाली. तेव्हा 'गाणी काय, नुसता आवाज' असं म्हणण्याआधी विचार करा. ज्यांना आपला द्वेष करायचाय त्यांना आपल्या गाण्याची ताकद चांगली कळते. आपल्यालाच ती कळत नाही.

पण म्हणूनच मला भीती वाटते. ज्या गाण्यासाठी माणसं मेली, त्या गाण्यात आता काय उरलंय? आम्ही वाघ, आमचा नाद करू नका, आमची गाडी, आमचा रुबाब. जलशाच्या गाण्याला मी लावते तीच कसोटी आजच्या गाण्याला लावा. हे गाणं मला काही करायला सांगतं का? काही सोडायला सांगतं का? की नुसतं मला खूश करतं? खूश करणारं गाणंही हवं, वर्षातून एक दिवस नाचायलाही हवं. पण सगळीच गाणी खूश करणारी झाली की समजायचं, हत्ती चिखलात बसला.

मामाची वही

शेवटी माझी चूक सांगते. माझा मामा गावच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचा. त्याच्याकडे लांब पुठ्ठ्याच्या तीन वह्या होत्या. पार्टीने गायलेली सगळी गाणी त्यात उतरवलेली, वर चाल कुठल्या सिनेमाची ते लिहिलेलं, खाली कवीचं नाव आणि कुठल्या गावात गायलं ते. मी समाजशास्त्रात एम.ए. करत होते. शर्मिला रेगे यांनी जयंती, चैत्यभूमी, दीक्षाभूमीवरची गाणी आणि पुस्तिका यांच्यावर लिहिलेलं वाचत होते, खाली रेघा मारत होते, परीक्षेत उत्तरं लिहीत होते. आणि मामाची वही एकदाही उघडून बघितली नाही.

मामा कोरोनात गेला. पुढच्या वर्षी घराचं काम काढलं, तेव्हा मामेभावाने माळ्यावरचं सगळं भंगारवाल्याला दिलं. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, वाळवी लागली होती, रद्दीच होती ती." त्याला काय दोष द्यायचा? रद्दी नाही हे त्याला सांगायचं काम माझं होतं.

त्या वह्यांत कदाचित मोठं काही नसेल. पण आपल्या तालुक्यातल्या चार-पाच कवींची नावं फक्त तिथेच होती. ती आता कुठेच नाहीत. प्रस्थापितांच्या साहित्याच्या इतिहासात आपल्या गायक-कवींना जागा नाही, अशी तक्रार मी भाषणात करते, आणि ती खरीच आहे. पण आपण तरी ती कुठे ठेवली?

म्हणून बैठकीत मी त्या इंजिनिअरिंगच्या मुलाला एवढंच म्हटलं, "तुला हवं ते गाणं लाव. फक्त प्रत्येक गाण्याआधी माइकवर सांगायचं, लिहिलं कुणी, कुठल्या गावचा माणूस." तो तयार झाला. आठ दिवसांनी आला आणि म्हणाला, "ताई, बारा गाण्यांपैकी पाच गाण्यांचा कवी सापडतच नाही." मी म्हटलं, मग त्या पाचांचा शोध घे, जयंती झाली तरी सोडू नकोस. यावर्षी तो आणि त्याच्या दोन मैत्रिणी वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे मोबाइल घेऊन जातायत. आत्तापर्यंत दोन कवी सापडले. एक तर आमच्याच मागच्या गल्लीत राहायचा, गिरणीत कामाला होता.

तुमच्याही गल्लीत कुणीतरी असेल. माळ्यावर वही असेल. आजी अजून असेल, आणि जातं नसलं तरी तिला पाटा-वरवंटा द्या, बघा काही आठवतं का. गाणं रेकॉर्ड करा, कवीचं नाव लिहा, गाव लिहा, साल लिहा, चाल लिहा. जलसाकारांनी कंदिलाच्या उजेडात जे केलं ते आपल्याला मोबाइलच्या उजेडात करता आलं पाहिजे. भंगारवाला आपल्या आधी पोचायला नको.

जयभीम!